बँडचा खर्ज

कांजूरमार्ग स्टेशनाच्या पश्चिमेला, लालबहादूर शास्त्री मार्गावर, गांधीनगरचा चौक आहे. जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याचा उड्डाणपूल या चौकावरून जातो. आमच्या चाळीचा गणपती दरवर्षी या पुलाखालूनच पवई तलावाच्या गणेश घाटाकडे निघतो. लहानपणापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात आलेली आहे. मिरवणूक पुलाखाली शिरली की बँडचा आवाज एकाएकी भरून येतो. तोच बँड, तीच माणसे, तेच गाणे. पण छातीच्या फासळ्यांत काहीतरी घुमू लागते आणि आतापर्यंत नुसते चालणारे काकालोकही हात वर करून नाचू लागतात. पन्नाससाठ पावले हा थाट टिकतो. पूल संपून मोकळे आकाश आले, की ट्रंपेट किंचाळत राहतात, ढोल बडवला जातो, आणि या दोहोंच्या मधले काहीतरी गळून पडलेले असते.

जे गळून पडते त्याविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत. 'विषय कोणताही चालेल' असे संपादक मंडळाने सूचनाफलकावर लिहिले होते, त्याचा मी थोडा गैरफायदा घेत आहे असे कुणी म्हणेल. म्हणू द्या.

प्रथम एक कबुली. माझा मामा गेली बावीस वर्षे लग्नाच्या आणि मिरवणुकीच्या बँडमध्ये युफोनियम वाजवतो. मी स्वतः तीन हंगाम त्याच बँडमध्ये गळ्यात अडकवायचा मोठा बाजा, ज्याला इंग्रजी पुस्तकात सूझाफोन म्हणतात, तो वाजवीत आलो आहे. वर्गात ही गोष्ट दोघातिघांनाच ठाऊक होती. लाल डगला, सोनेरी गोंडे आणि डोक्यावर तुरा अशा वेषात वरातीपुढे चालताना आपल्याच कॉलेजातली एखादी मैत्रीण पाहुणी म्हणून समोर आली, तर बाज्याच्या त्या भल्यामोठ्या तोंडामागे लपण्याची सोय असते, हा या वाद्याचा एक फायदा मला फार लवकर समजला.

आता मूळ मुद्दा. गेल्या वर्षी आमच्या मंडळाने बँडची सुपारी रद्द केली आणि डीजेची गाडी आणली. बैठकीत कारण असे दिले गेले की, 'बँडला दम नाही, पब्लिक नाचत नाही.' मामा त्या बैठकीला हजर होता. तो काही बोलला नाही. घरी आल्यावर मात्र म्हणाला, ''पाच ट्रंपेट होते, आता सात करू. मग बघतो कोण म्हणतो दम नाही ते.'' मामाबद्दल मला फार आदर आहे, परंतु येथेच तो चुकतो आणि त्याच्याबरोबर मुंबईतले पुष्कळसे बँडवाले चुकतात, असे माझे मत आहे. डीजेने बँडला हरवले ते मोठ्या आवाजाने नव्हे. त्याने हरवले ते खालच्या आवाजाने. त्या गाडीवर भिंतीसारखे रचलेले जे खोके असतात, त्यांतले मोठे खोके केवळ मंद्र सुरांसाठी असतात. माणसाचे पाय त्या सुराला उचलतात. आणि नेमका तोच सूर आमच्या बँडमध्ये कुणी वाजवीत नाही.

'वाजवीत नाही' असे म्हटल्यावर तुम्ही विचाराल, मग तू गळ्यात काय अडकवून फिरत होतास? प्रश्न रास्त आहे. पहिल्या हंगामात मास्तरांनी मला सांगितले होते, ''तू फक्त छान दिसायचं. फुंकलंस तर ढोलाबरोबर फुंक, नाही फुंकलंस तरी चालेल.'' तो बाजा शोभेसाठी होता. त्याच्या वाटीवर बँडचे नाव रंगवलेले होते आणि फोटोत ते यावे एवढीच त्याची कामगिरी. खालच्या कळीतून हवा गळत होती आणि ती जागा कुणीतरी एम-सील लावून बुजवलेली होती. अशा वाद्यातून खर्ज कुठून निघणार?

या बाज्याची हकीकत मात्र ऐकण्यासारखी आहे. मंद्र सुरांचे ट्युबा नावाचे वाद्य बर्लिनमध्ये १८३५ साली वीप्रेख्ट आणि मोरिट्झ या दोघांनी पेटंट केले. पुढे अमेरिकेतील बँडमास्टर जॉन फिलिप सूझा यांच्या सांगण्यावरून १८९३ साली फिलाडेल्फियाच्या पेपर यांनी खांद्यावरून वळसा घेणारा बाजा बनवला आणि त्याला सूझांचेच नाव पडले. आपल्याकडे ही वाद्ये इंग्रजी पलटणींबरोबर आली. मेरठच्या जली कोठी भागात नादिर अली यांनी १८८५ साली सुरू केलेली पेढी प्रसिद्ध आहे. देशातल्या लग्नाच्या बँडचा फार मोठा भाग मेरठच्या पितळेवर चालतो. ऑकलंड विद्यापीठाचे ग्रेगरी बूथ यांनी या बँडवाल्यांवर 'ब्रास बाजा' नावाचा एक अभ्यासपूर्ण ग्रंथ २००५ साली लिहिला. एका परदेशी प्राध्यापकाला आमच्या मामालोकांवर ग्रंथ लिहावासा वाटतो आणि आपण त्यांना मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराने जेवायला बसवतो, ही गोष्ट समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

पलटणीच्या बँडमध्ये प्रत्येक वाद्याला वेगळे काम वाटून दिलेले असते. वरचे चाल वाजवतात, मधले तिला भरतात, खालचे तिला पाया देतात. आमच्याकडे आल्यावर ही वाटणी मोडली. आपले संगीत एकसुरी चालीचे. गाणे म्हणजे चाल. साहजिकच क्लॅरनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन, युफोनियम सगळेच चाल वाजवू लागले. युफोनियम तीच चाल एक सप्तक खाली वाजवते एवढाच फरक. म्हणजे ज्याने पाया घालायचा तोच गच्चीवर जाऊन बसला.

यावर संगीताची जाण असलेले एक प्राध्यापक मला म्हणाले, ''अरे, पण आपल्या संगीतात पाश्चात्त्यांसारखी हार्मनी नाहीच. मग खालच्या पितळी वाद्यांनी वेगळे वाजवायचे तरी काय?'' मी त्यांना नम्रपणे विचारले, ''सर, मग तानपुऱ्याची चौथी तार काय करते?'' ती खर्जाची तार. गाणारा कुठेही हिंडला तरी ती आपली जागा सोडत नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्यापूर्वी ओली कणीक लावतात ती कशासाठी? आवाज खाली जावा, घुमावा म्हणून. गवय्ये पहाटे उठून खर्जाचा रियाज करतात तो कशासाठी? तेव्हा खर्ज ही काही साहेबांची मिरासदारी नव्हे. आपल्या कानाला तो हवाच असतो. फक्त बँडच्या डगल्यात शिरताना आपण तो घरी विसरून आलो.

शिवाय आम्ही वाजवतो ती बहुतेक सिनेमाची गाणी, आणि त्या गाण्यांत खालचा सूर आहेच. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांच्या वाद्यरचना सेबास्टियन डिसोझा या गोमंतकीयाने केल्या. त्या काळच्या स्टुडिओंत गोव्याहून आलेले कितीतरी वादक बसत आणि गाण्याच्या खाली दुसरी एक चाल चालू ठेवीत. प्यारेलाल यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा हे स्वतः ट्रंपेट वाजवणारे होते, आणि त्यांनी किती जणांना नोटेशन वाचायला शिकवले याची गणती नाही. रेकॉर्डवर हे सगळे ऐकू येते. आमचा मास्तर ते गाणे मोबाइलवर चार वेळा ऐकतो आणि मुखडा-अंतरा तेवढा उचलतो. खालची चाल तशीच राहून जाते. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून ती त्याला धड ऐकूही येत नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

मामाच्या सात ट्रंपेटांच्या योजनेविषयी थोडे शास्त्रीय बोलतो. विज्ञान शाखेच्या मित्राकडून मी हे तपासून घेतले आहे. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. पाचाचे सात ट्रंपेट केले तर ऐकणाऱ्याला जेमतेम फरक कळेल, आणि मामाच्या खिशाला मात्र चांगलाच कळेल. दुसरे असे की, माणसाचा कान खालच्या सुरांना मंद आहे. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. वरचा सूर आणि खालचा सूर कानाला सारख्याच जोराचे वाटायचे असतील तर खालच्याला पुष्कळ अधिक शक्ती द्यावी लागते. अमेरिकन संगीतकार फ्रान्सिस मॅकबेथ यांनी १९७२ साली बँडशिक्षकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात याच दिशेने सांगितले आहे, की सर्वांत खालच्यांनी सर्वांत भरून वाजवावे आणि वर जाता जाता आवाज कमी करीत जावा. आमच्याकडे हा मनोरा डोक्यावर उभा आहे.

पुलाखालचे रहस्यही यातच आहे. पुलाची छत आणि खांब खालचा सूर परत फेकतात, तो विरून जात नाही. उघड्यावर भिंती नसतात. त्यातून युफोनियमचे तोंड आकाशाकडे. म्हणजे मामा जे वाजवतो ते रस्त्यावर नाचणाऱ्याला कमी आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या असलेल्या आजींना जास्त ऐकू येते. आजींची तक्रार नाही, पण सुपारी त्या देत नाहीत.

मग करायचे काय? गेल्या दिवाळीनंतर मी, मामा आणि दुसरे एक युफोनियमवाले काका अशा तिघांनी काही प्रयोग केले. स्टेशनाच्या पूर्वेला वस्ती ओलांडून द्रुतगती महामार्गाच्या बाजूला गेले की मिठागरांची मोकळी जमीन लागते. तिकडे तोंड करून कितीही फुंकले तरी कुणी खिडकी आपटून बंद करीत नाही. बगळे तेवढे उडतात.

पहिली गोष्ट म्हणजे आम्ही बाजा दुरुस्त करून घेतला. गळकी कळ, पाणी काढायच्या भोकावरचा झिजलेला बुचाचा तुकडा, एवढेच. गळतीचा पहिला फटका खालच्या सुरांना बसतो. वरचे सूर कसेबसे निघतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कळांना खोबरेल घालण्याची जी पद्धत आहे तीही सोडली. थंडीत ते थिजते आणि कळ अर्ध्यावर अडकते. हे सांगायला शास्त्रज्ञ नको होता, पण वर्षानुवर्षे कुणी मनावर घेतले नव्हते.

दुसरी गोष्ट श्वासाची. ट्रंपेटची नळी उलगडली तर साडेचार फूट भरते, युफोनियमची नऊ फूट आणि सर्वांत खालच्या बाज्याची अठरा फूट. प्रत्येक वेळी लांबी दुप्पट, सूर एक सप्तक खाली. तारेचा जो नियम तोच नळीचा. अठरा फुटांची ही गुहा फुप्फुसातली हवा बघता बघता पिऊन टाकते. जोर लावून फुंकले तर सूर फाटतो आणि म्हशीच्या हंबरण्यासारखा आवाज येतो. हवा भरपूर पण सावकाश सोडायची, घसा जांभई देताना उघडतो तसा उघडा ठेवायचा, ओठ सैल. मामा मूळचा ट्रंपेटवाला. त्याचे ओठ बावीस वर्षे आवळलेले. त्याला 'ई' म्हणताना होते तशी तोंडाची ठेवण सोडून 'ओ'ची ठेवण करायला दीड महिना लागला. रोज अर्धा तास एकच सूर, खालचा सा, घड्याळ लावून. चौथ्या दिवशी तो वैतागून म्हणाला, ''हे काय गाणं आहे का रे?'' मी म्हटले, ''मामा, हाच खर्जाचा रियाज. किराणा घराण्यातले असते तर तू नमस्कार केला असतास.'' त्यावर त्याने मला एक शिवी दिली, पण पाचव्या दिवशी वेळेवर आला.

तिघांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, हेही ठरवले. ओळ संपली की सगळा बँड एकदम दम घेतो आणि त्या क्षणी पाया नाहीसा होतो. खालच्यांनी ओळीच्या मध्येच, आळीपाळीने, चोरून श्वास घ्यावा. वारकऱ्यांच्या दिंडीत अभंगाची ओळ एक बाजू सोडते तोच दुसरी उचलते, तसेच काहीसे. आणि चालताना टाचा आपटायच्या नाहीत. पावलागणिक धक्का बसला की सूरही हिंदकळतो. डोक्यावर भरला हंडा घेऊन चालणारी बाई कशी चालते ते पाहावे. कमरेच्या वर काही हलत नाही. आमच्या चाळीत नळ दोन तासच येत असे तेव्हा हे शिकवणाऱ्या पुष्कळ होत्या.

तिसरी गोष्ट सुरात मिळण्याची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. दोन युफोनियमांत किंचित फरक असला, समजा एक सेकंदाला ११६ कंपने आणि दुसरे ११८, तर सेकंदाला दोन लाटा उठतात आणि आवाज भरण्याऐवजी डुगडुगतो. बँडवाले दुपारी टेम्पोतून उतरतात, सावलीत सूर मिळवतात आणि मग तीन तास उन्हात चालतात. हवेतल्या ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे तापलेला बाजा चढतो. प्रत्येक बाजा सारखाच चढत नाही. म्हणून अर्ध्या तासाने, दोन गाण्यांच्या मधल्या जागेत, नळी थोडी ओढून पुन्हा मिळवायला हवे. सतारिये बैठकीत मध्येच खुंटी पिळतात त्याचे आपण कौतुक करतो. बँडवाल्याने तेच केले तर 'अजून सुरू का नाही' म्हणून ओरडतो.

सूर मिळाल्यावर जी गंमत झाली ती मी विसरणार नाही. माझा बाजा त्या दिवशी दुरुस्तीला होता. मी मामाला सा धरायला सांगितला, काकांना त्याच्यावरचा पंचम. कोणतीही चाल नाही, नुसते दोन सूर. पंचम जरा चढा होता. काकांनी तो ओठांनीच हळूहळू उतरवला. एका क्षणी तो चपखल बसला आणि आम्हा तिघांनाही खाली तिसरा सूर ऐकू आला. मामाने बाजा तोंडावरून काढून मागे वळून पाहिले, कोण वाजवतो म्हणून. मागे मिठागर. सा ११६ कंपनांचा आणि पंचम १७४ चा असेल तर दोहोंतला फरक ५८, म्हणजे साच्या बरोबर एक सप्तक खाली. दोन सूर चोख आणि जोरात लागले की कान हा तिसरा सूर आपल्या पदरचा घालतो. इटलीतील व्हायोलिनवादक तार्तिनी यांनी अठराव्या शतकातच याची नोंद केली होती. ज्या बँडला मोठा बाजा विकत घेणे परवडत नाही त्यांच्यासाठी हा फुकटचा खर्ज आहे. मात्र पंचम अगदी शुद्ध हवा, आणि तो शुद्ध पंचम आपल्या वादकांच्या कानात तानपुरा ऐकून ऐकून बसलेला आहे. आरत्या, भजने, लोकगीतांच्या चाली यांत सा-पंचम धरून ठेवले तरी भागते. सिनेमाच्या गाण्यांत दोनतीन ठिकाणी खालचा सूर बदलावा लागतो. तेवढे बसून लिहून काढावे लागेल. आम्ही आजवर सहा गाणी लिहून काढली आहेत.

रांगा कशा लावाव्यात यावर आमच्यात अजून वाद आहे. मोठा बाजा मागे, ढोलाजवळ असावा, म्हणजे ठोका आणि सूर एकत्र पडतील, असे मला वाटते. आवाजाला सुमारे ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि आमच्या मिरवणुकीत ट्रंपेट आणि ढोल यांच्यामध्ये नाचणारे शिरून तेवढे अंतर सहज पडते. मग पुढचे आणि मागचे यांच्या तालात फट पडते. मास्तरांचे म्हणणे, मोठा बाजा पुढेच हवा, नाहीतर फोटोत नाव दिसणार नाही. या वादात आजवर मास्तर जिंकत आलेले आहेत.

आता खरी अडचण सांगतो. ती वाऱ्याची नाही, कळांची नाही, ती मानाची आणि पैशाची आहे. बँडमध्ये नोटा कुणावर ओवाळल्या जातात? जो मुखडा वाजवतो त्याच्यावर. युफोनियमवाल्याला दुसरा अंतरा मिळतो तेव्हा तो चार पावले पुढे येतो, नवरदेवाच्या मित्रांसमोर वाकून वाजवतो आणि दहावीसच्या चार नोटा तुऱ्यात खोवून घेतो. त्याला मी सांगतो, 'मामा, तू चाल सोड आणि सा धर.' म्हणजे मी त्याला काय सांगतो? की तू मागे राहा, तुला कुणी ओळखणार नाही, तुझ्यावर कुणी नोट ओवाळणार नाही, आणि बँड मात्र तुझ्यामुळे चांगला वाजेल. हे सांगणे सोपे आहे, विशेषतः कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला. त्यात गिऱ्हाईक 'बँड जरा छोटा करा, बजेट नाही' म्हणाले की पहिला कमी होतो तो खालचाच वादक. गाणे तर त्याच्यावाचूनही ओळखू येते ना! एकेक करून असे पाये काढले गेले, आणि मग आपणच म्हणालो की बँडला दम नाही.

डिसेंबरात नौदल दिनाच्या सुमारास गेटवेवर नौदलाचा बँड वाजतो तो मी दोनदा मुद्दाम जाऊन ऐकला. तेथे मागे उभे राहून खालचे सूर धरणारा आणि पुढे ट्रंपेट वाजवणारा या दोघांनाही महिन्याचा पगार असतो; चाल सोडली म्हणून कुणाचे ताट रिकामे होत नाही. सैन्यातील वादकांसाठी पंचमढीला १९५० सालापासून शिक्षणाची सोय आहे. आमच्या मामाला मास्तरांनी शिकवले, मास्तरांना त्यांच्या काकांनी. तुलना अन्यायाची आहे हे मी जाणतो. तरी खालचे सूर धरणाऱ्याच्या पोटाची व्यवस्था लावल्याखेरीज बँडला पोट सुटणार नाही, हे गेटवेवर उभे राहून मला स्पष्ट दिसले.

म्हणून माझी सूचना रोकडी आहे. बक्षिसी कुणाच्याही तुऱ्यात पडो, ती एका डब्यात जमा व्हावी आणि शेवटी सारखी वाटली जावी. मामाच्या बँडमध्ये हे दोन लग्नांत करून पाहिले. पहिल्या लग्नात भांडण झाले. एका ट्रंपेटवाल्याने शंभराची नोट मोज्यात लपवली आणि ती बूट काढताना सापडली. दुसऱ्या लग्नात भांडण झाले नाही. अर्थात बक्षिसीच फारशी पडली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

आणि ही सूचना केवळ बँडवाल्यांना नाही, आपल्यालाही आहे. यंदाच्या गॅदरिंगच्या शोभायात्रेसाठी डीजे ठरवावा असे विद्यार्थी मंडळात घाटत आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे मी सांगणार नाही. कारण खरे बोलायचे तर आमचा बँडही त्या मर्यादेत बसत नाही. मी एवढेच म्हणतो की, ज्या घुमण्यासाठी आपण डीजे आणतो ते घुमणे माणसाच्या श्वासातूनही निघू शकते, आणि तो श्वास घेणारी माणसे आपल्या कॉलेजपासून दोन स्टेशनांच्या आत राहतात. विद्यार्थी मंडळाची बैठक पुढच्या सोमवारी आहे. मी तेथे बँडचा खर्च मांडणार आहे: चार ट्रंपेट, तीन क्लॅरनेट, दोन युफोनियम, एक मोठा बाजा, ढोल-ताल धरून चौदा माणसे आणि चौदा सारखी पाकिटे. जेवण आपल्याबरोबर, पुढच्या दाराने.

मामाला हे सगळे मान्य आहे. त्याने एकच अट घातली आहे. सा तो धरील, पण दुसरा अंतरा त्याचा.